फोरमन खाली झोपला

आमचा फोरमन पंख्याखाली बसत नसे. कुणाच्या घरी गेला की आधी वर बघायचा, मग खुर्ची उचलून भिंतीकडे न्यायचा, आणि भिंतीवर घड्याळ दिसलं की तिथूनही उचलायचा. शेवटी अशा जागी बसायचा की चहा द्यायला माणसाला सगळ्या खोलीला वळसा पडे. माझी बायको म्हणायची, "भाऊजी, आमचा पंखा आजवर कुणावर पडला नाही." तो म्हणायचा, "वहिनी, जो पंखा पडतो तोसुद्धा आदल्या दिवसापर्यंत पडलेला नसतो."

तोंडावर मी त्याला साहेब म्हणायचो, घरी बायकोशी बोलताना तो म्हणायचो. इथे घरच्यासारखंच लिहितो.

दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता, त्याच्या टूलरूममध्ये मी वेल्डर. दहा वर्षं त्याच्या हाताखाली काढली. तो मिरजेकडचा, मी कराडकडचा. बाकी सगळे हरयाणाचे आणि बिहारचे. मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे शिव्या मला जास्त पडायच्या, कारण त्या त्याला मराठीतच नीट देता यायच्या.

शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी त्याचा एक छोटा पाना असे. जाईल तिथे तो पाना काढून लोखंडाचा जोड ठोकायचा आणि कान लावायचा. मेट्रोतला खांब, बँकेची जाळी, दवाखान्यातली सलाईनची काठी. दवाखान्यातून नर्सने त्याला हाकलून दिला होता. जेवणाचा डबा तो शेडमध्ये उघडत नसे. मे महिन्यात तिकडे लू चालते, भाजून काढणारा वारा, पत्र्याला हात लावता येत नाही, आणि हा मैदानात उभा राहून पोळी खातोय. बाकीचे आत बसून हसायचे. मीही हसायचो. एकदा म्हणालो, "साहेब, उन्हाने मराल."

"उन्हाने मरायला वेळ लागतो," तो म्हणाला. "तेवढ्यात सरकता येतं."

माणूस भित्रा होता, यात शंका नाही. आणि त्याची भीती दुसऱ्यालाही लागायची. महिनाभर त्याच्याबरोबर काम केलं की आपणही वर बघायला लागायचो. रस्त्यात होर्डिंग आलं की माझे पाय अजून आपोआप बाहेर वळतात. कुणी म्हणायचे, त्याचा भाऊ कुठल्याशा गोदामात रॅक पडून मेला. मी एकदा धीर करून विचारलं. तो म्हणाला, "माझा भाऊ मिरजेत आहे. त्याचं दुधाचं दुकान आहे. मजेत आहे. आधी काहीतरी झालंच पाहिजे का? व्हायच्या आधी घाबरलेलं चालत नाही का तुम्हाला?"

एका जानेवारीत आम्ही इथल्या मराठी मंडळाच्या बसने पानिपतला काला अंबला गेलो होतो, लढाईत पडलेल्यांना फूल वाहायला. धुकं, थंडी, महाराष्ट्रातून आलेल्या गाड्या, भगवे फेटे. वाटेवर लोखंडी पायपांची कमान बांधली होती. याने एका पायपाला पाना मारला, कान दिला, आणि कमानीच्या तोंडाशी हात पसरून उभा राहिला. "इथून नाही. बाजूने या." लोकांना वाटलं व्यवस्थेतलाच माणूस आहे. अर्धा तास सगळी गर्दी शेतातल्या चिखलातून गेली, नऊवारी नेसलेल्या बायका, ढोलवाले, सगळे. मग खरे व्यवस्थेतले लोक आले आणि त्याला दंडाला धरून बाजूला केलं. कमान संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी उभी होती. परत येताना बसमध्ये सगळ्यांनी त्याची थट्टा केली. बायकोला दया आली. म्हणाली, "भाऊजी, वाईट वाटलं का?"

"कशाचं? पडली नाही ते बरंच झालं की."

आणि डबा वरच्या फळीवर न ठेवता मांडीवर घेऊन बसला.

गेल्या थंडीत तो गेला. छातीत कफ झाला होता, चार दिवसांत संपला. लग्न केलेलं नव्हतं. गुडगावची त्याची खोली आवरायला मी गेलो, तर चारही भिंतींना एक खिळा नव्हता. गादी खोलीच्या मधोमध जमिनीवर. ट्यूबलाइट काढून टाकलेली, टेबलावरचा दिवा फरशीवर ठेवलेला. घरमालक म्हणाला, "अजीब आदमी था." तोही वर छताकडे बघत होता, मीही.

त्याचा कारखान्यातला एक नियम सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वर टांगायचं काहीही बनवलं, हुक असो की जड सामान ठेवायचा रॅक असो, तर वापरायच्या आधी त्यावर तिप्पट वजन चढवायचं, आणि ज्याने जोड मारला त्याने त्याच्या खाली बसायचं. बसायला रंगाचा रिकामा डबा उलटा घातलेला असे. वीस मिनिटं. सेफ्टीवाला साहेब म्हणायचा हा गुन्हा आहे, आणि बरोबर म्हणायचा. म्हणून फोरमन हे सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी उरकायचा.

मी पहिल्यांदा बसलो तेव्हा डोक्यावर दीडशे किलो होतं. वर कुठेतरी टिक् झालं. मारलेला प्रत्येक टाका आठवला. कुठे हात हलला, कुठे रॉड चिकटला, कुठे चहाची घंटा झाली म्हणून घाई केली. फोरमन समोर उभा होता, पण वजनाकडे बघत नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता. आमच्यातला एक वेल्डर डब्यावर बसून आरामात मोबाइलवर गाणी ऐकायचा. त्याला एकदा मध्येच उठवलं, जोड कापला आणि पुन्हा मारायला लावला. कापलेला जोड आम्ही बघितला, आतून चांगला होता. तेव्हा आमची खात्री पटली की हा माणूस वेडा आहे.

आणखी एक. ग्राइंडरचा त्याला राग. मारलेला जोड घासून गुळगुळीत केलेला दिसला की म्हणायचा, "लाली-पावडर केलीस होय? आत काय लपवलंयस?"

माझ्या बायकोला जाऊन आता दोन वर्षं होतील. सकाळी कणीक मळत होती, खाली बसली, ती बसलीच. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. तेराव्याला घरात माणसं होती, भिंतीवर तिचा फोटो, फोटोला हार. फोरमन गुडगावहून मेट्रोने आला, नमस्कार केला आणि फोटोकडे बघत राहिला. मला वाटलं रडतोय. तो म्हणाला, "एका खिळ्यावर लावलाय?"

"साहेब, आज नको."

"आजच. हाराचं वजन वाढलंय."

शेजाऱ्यांकडून ड्रिल मशीन आणलं. भटजी पोथी धरून थांबले, बायका कान धरून बसल्या, आणि याने भिंतीला दोन भोकं पाडून फोटो दोन स्क्रूवर बसवला. मग ज्या कोपऱ्यात वर काही नव्हतं तिथे संध्याकाळपर्यंत बसून राहिला. त्या दिवशी कोण काय समजुतीचं बोललं, एक शब्द आठवत नाही. ड्रिलचा आवाज आठवतो.

बायको गेल्यावर मुलगी माझ्याकडे दिल्लीत मयूर विहारच्या फ्लॅटात राहायला आली. एकुलती. जावई बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. वर्षभरात तिची पाठ धरली. आधी वाटलं कॉम्प्युटरसमोर बसून दुखतंय. मग ताप यायला लागला. मग मोठे फोटो काढले तेव्हा कळलं की मणक्याचा टीबी आहे, एक मणका आतून पोखरलाय. डॉक्टर म्हणाले, औषधाने बरी होईल, पण तीन महिने सपाट पाठीवर. बसायचं नाही, मान उचलायची नाही. कूस बदलायची तर दोघांनी ओंडक्यासारखी वळवायची. आपण होऊन उठायला गेली तर पायांचं काही सांगता येत नाही.

एक बाई गेली होती, आता ही. सकाळी उठलो की पहिल्यांदा तिच्या पायाचा अंगठा हलतोय का बघायचो.

तिची नोकरी नोएडाच्या कंपनीत. कंपनी म्हणाली, घरून करा. पण तिला दोन स्क्रीन लागतात, शेजारी शेजारी. एकावर काम, एकावर माणसं. लॅपटॉप पोटावर ठेवून मान उचलायची म्हणजे डॉक्टरांनी नको म्हटलं तेच करायचं. नोकरी जायची भीती होती, पण मला ती मोठी वाटत नव्हती. ती दिवसभर छताकडे बघत पडून असायची. एकदा म्हणाली, "बाबा, आई दिसते मला सीलिंगवर. बात पण करते." हे ती हसून म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोरमनला फोन केला.

बाजारात मिळणारे स्टँड टेबलाला चिमटा लावून उभे राहतात. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर दोन स्क्रीन पालथ्या टांगणारा स्टँड कुणी विकत नाही. "विकू पण नये," फोरमन म्हणाला. आल्या आल्या त्याने पलंगावरचा पंखा उतरवायला लावला आणि उभा पंखा कोपऱ्यात ठेवला. मग मुलीला विचारलं, "एका स्क्रीनचं वजन किती?"

"पाच किलो, काका. काही जास्त नाही."

"हातात पाच असतात. नाकावर पडले की पाच राहत नाहीत."

"काका, तुम्ही डरवताय मला."

"घाबर. चांगलं असतं."

"माझ्याकडे आधीच फुल स्टॉक आहे त्याचा," ती म्हणाली. त्या आठवड्यात पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू दिसलं.

त्याने तिच्या तोंडावर वर्तमानपत्र धरलं, वर-खाली केलं. "कुठे वाचता येतं?" "थोडं और वर. बस." सुतळीने अंतर मापलं, गाठ मारली. स्क्रीनच्या पाठीला चार भोकं असतात, त्यातच बोल्ट बसतात. मुलगी म्हणाली, दोन्हींची सारखीच आहेत. त्याने तरी दोन्ही मोजली. भिंत ठोकून बघितली आणि म्हणाला, "या भिंतीवर मी कॅलेंडर पण लावणार नाही." पलंग त्याच भिंतीला लागून, खोली एवढीशी, दुसरीकडे कपाट. तेव्हा खांब एकाच बाजूला येणार होता. पलंगाखाली जाणारे दोन लांब पाय, त्यावर उभा खांब, खांबावरून पलंगावर येणारा आडवा हात, आणि त्या हाताला एक पट्टी, तिच्यावर दोन स्क्रीन, पुस्तक उघडल्यासारख्या जरा आत वळवलेल्या. सगळा भार एका कोपऱ्यावर येणार होता, जिथे खांब संपतो आणि हात सुरू होतो. फोरमनने त्या कोपऱ्यावर खडूने दोनदा गोल केला. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा त्याहून वाईट, कानही अर्धे गेलेले. पण खडू बरोबर जागेवर पडला.

मागच्या गल्लीत जाळ्या आणि गेट बनवणारे एक सरदारजी आहेत, त्यांनी वेल्डिंग मशीन वापरू दिलं. त्या दिवशी फोरमन बोल्ट आणायला गेला होता, कारण इथले त्याला पसंत नव्हते. मी एकटाच होतो.

आता जे लिहायचं ते लिहितो. बायको गेल्यापासून मी कुणासमोर रडलो नव्हतो. मुलीसमोर तर नाहीच. वेल्डिंगची काळी काच तोंडावर ओढली की आत कुणी बघत नाही. रॉड पेटला, निळा उजेड पडला, आणि मला काय झालं सांगता येत नाही. डोळ्यांना धार लागली, काचेच्या आत वाफ धरली. कोपऱ्याचा जोड मी तसाच मारला, न बघता, हात चालत होता म्हणून. आत मळी अडकलेली मला कळली. मळी म्हणजे वितळलेल्या रॉडची राख. ती जोडाच्या पोटात राहिली की वरून टाका दिसतो आणि आत पोकळ. कापून पुन्हा मारायला फार तर अर्धा तास लागला असता. मी ग्राइंडर घेतला, जोड घासून गुळगुळीत केला आणि वर लाल प्रायमर मारला.

लाज वाटली. चाळीस वर्षं हेच काम केलं होतं. आणि मनात म्हटलं, तिप्पट वजन चढवणारच आहोत, खाली मीच झोपणार आहे. पडलं तर माझ्यावर पडेल. त्या विचाराने मला जरा हलकंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँड घरी आणला. मुलीसाठी ठेवलेली आया आणि शेजारचा जैन यांच्या मदतीने मुलीला पाठीखाली फळी सरकवून उचलून हॉलमधल्या दिवाणावर ठेवलं. स्टँड पलंगाखाली सरकवला. फोरमनने कोपऱ्यावरून नख फिरवलं.

"घासलास?"

"पोरीच्या हाताला लागेल म्हणून."

"हं," तो म्हणाला.

स्क्रीनच्या जागी आट्याच्या दहा-दहा किलोच्या तीन पिशव्या दोरीने टांगल्या. स्टँडचा आडवा हात जरासा वाकला आणि थांबला. मी चप्पल काढून पलंगाकडे गेलो.

"थांब," तो म्हणाला. "भीती वाटते का?"

दहा वर्षांत त्याने हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. खरंच वाटत नव्हती.

तो अगदी जवळ आला, लांबून त्याला दिसत नसे म्हणून, आणि माझं तोंड न्याहाळलं. "मग बाजूला हो."

आणि स्वतः पलंगावर चढला. उशी नीट केली, पाठ सपाट टेकवली, हात पोटावर ठेवले. पिशव्या त्याच्या नाकापासून वीतभर.

हॉलमधून मुलगी ओरडली, "काका, काय चाललंय तिकडे?"

"झोपलोय."

"माझ्या बेडवर?"

"हो. गादी फार मऊ आहे तुझी. पाठीला वाईट. बदलायला सांग."

ती हसली. मी हसू शकलो नाही. जो माणूस आयुष्यभर पंख्याखाली बसला नाही तो मी खोटा मारलेल्या जोडाखाली पडला होता. त्याच्या पायांची बोटं थरथरत होती, मोज्यातून दिसत होती. मधली पिशवी दोरीवर सावकाश फिरत होती, अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे. मी कोपऱ्याकडे बघितलं. लाल प्रायमरवर केसाएवढी एक रेघ होती. ती मघाशी होती का? मी डोळे पुसून पुन्हा बघितलं. रेघ होती. प्रायमर वाळताना पण अशी रेघ येते, मी स्वतःला सांगितलं. घड्याळात तीन मिनिटं झाली होती. स्वतःवर पडेल म्हणून जे हलकं वाटलं होतं ते सगळं वजन होऊन छातीवर बसलं. इथे उद्या माझी मुलगी झोपणार होती. पडलं तर तिला मान फिरवायची सुद्धा सोय नव्हती. हे मला तेव्हा, त्या म्हाताऱ्याला बघून, पहिल्यांदा नीट दिसलं.

"साहेब, उठा."

"झाली वीस मिनिटं?"

"नाही. उठा तुम्ही."

"का?"

हॉलमधून मुलगी म्हणाली, "बाबा, काय झालं?"

खोटं सांगता आलं असतं. दोरी घसरतेय म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"कोपऱ्याचा जोड खराब आहे," मी म्हणालो. "आत मळी आहे. मला माहीत होतं."

फोरमन हलला नाही.

"मग वजन उतरव."

"आधी तुम्ही बाहेर या."

"पोरीला येता येणार आहे का बाहेर?"

"साहेब, ऐका माझं."

"येता येणार आहे का?"

"नाही."

"मग मला पण नाही. उतरव. टोकाची आधी. झटका देऊ नकोस."

एका गुडघ्यावर पलंगावर चढून मी टोकाची पिशवी दोन्ही हातांनी तोलली आणि दोरी सोडली. स्टँडचा हात वर उसळला, थरथरला. फोरमनने डोळे मिटले नव्हते. दुसरी पिशवी सोडताना गाठ निघेना, घामाने बोटं निसटत होती. "सावकाश," तो खालून म्हणाला, "मी कुठे जात नाही." तिसरी काढून जमिनीवर ठेवली आणि मी त्याला दंडाला धरून अक्षरशः ओढून काढला. त्याच्या शर्टाची पाठ ओली होती, उशी ओली होती. आयाने चहा आणला. तो घेऊन तो वर काही नव्हतं त्या कोपऱ्यात जाऊन बसला.

मी हॉलमध्ये गेलो. मुलीने सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघितलं नाही, छताकडे बघत राहिली. मी म्हणालो, "पुन्हा करतो." ती म्हणाली, "बाबा, माझ्यावर लावलं असतंत ते तुम्ही." त्यापेक्षा तिने मला मारलं असतं तरी चाललं असतं.

आम्ही स्टँड उचलून सरदारजींकडे नेला. फोरमनने माझ्या हातात घण दिला. तिसऱ्या घावाला कोपरा तुटला. आतून काळा, मधाच्या पोळ्यासारखा. सरदारजींनी बघितलं आणि ते दुसरीकडे कामाला लागले.

"तुम्हाला कळलं होतं?" मी विचारलं.

"जोडाचं? नाही. घासून ठेवलास, डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही, काय कळणार मला." तो तुटलेल्या भागावरून अंगठा फिरवत होता. "तुझं कळलं. वहिनी गेल्यापासून तुझ्या अंगावर काही पडलं काय आणि न पडलं काय, तुला सारखंच. असा माणूस खाली बसवून उपयोग काय? त्याला काहीच आठवत नाही. गाणी ऐकणारा तो आपला वेल्डर आठवतो? तसंच."

"म्हणून तुम्ही झोपलात?"

"माझ्यासाठी तरी घाबरशील म्हटलं." मग जरा थांबून म्हणाला, "लवकर घाबरला असतास तर बरं झालं असतं. माझी कंबर गेली."

मी पुन्हा रॉड लावला, काच खाली ओढणार, तेवढ्यात त्याने माझा हात धरला. "रडायचं असेल तर काच वर करून रड. आत रडू नकोस, दिसत नाही."

आणि मी रडलो. गल्लीत, दिवसाढवळ्या, गेटांच्या ढिगावर बसून. भाजीवाला गाडी घेऊन गेला, समोरची बाई गॅलरीतून बघत होती. सरदारजींनी कुणाला तरी ओरडून चहा सांगितला. फोरमन माझ्या बाजूला उभा राहिला. वर विजेच्या तारांचं जाळं होतं, दिल्लीत असतं तसं. त्याने एकदा वर बघितलं आणि तरी तिथेच उभा राहिला.

मग मी जोड मारला. दोन्ही बाजूंनी, कोपऱ्यात एक तिरकी पट्टी वाढवून. घासला नाही, रंगवला नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा आट्याच्या पिशव्या. या वेळी मी चप्पल काढली आणि त्याने अडवलं नाही. मी मुलीच्या जागी, मुलीच्या उशीवर, सपाट झोपलो. खालून ते सगळं फार मोठं दिसतं. पिशवीवर छापलेली गव्हाची ओंबी अगदी डोळ्यावर येते. पहिल्या मिनिटात प्रत्येक टाका आठवायला लागला. पट्टीचं खालचं टोक नीट भरलं होतं ना? रॉड ओला तर नव्हता? मला मरायचं नव्हतं. औषधाची वेळ दुपारी दोनची होती, आयाला गोळ्यांचे रंग कळत नाहीत, मी नसलो तर तिला कूस कोण बदलून देणार? मी म्हणालो, "साहेब."

"काय?"

"भीती वाटतेय."

"किती?"

"फार."

"पडून राहा मग," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून पलंगाशी बसला. वीस मिनिटं पूर्ण झाल्याशिवाय त्याने मला उठू दिलं नाही.

दुपारी दोन्ही स्क्रीन चढवल्या. प्रत्येक बोल्ट त्याने स्वतः आवळला, मग मला आवळायला लावला, मग पुन्हा स्वतः. मुलीला फळीसकट आणून पलंगावर ठेवलं. स्टँड सरकवायच्या आधी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आता नीट आहे ना, बाबा?"

"मी झोपलो होतो खाली."

"ते माहितीये. काकांनी सांगितलं. नीट आहे ना?"

"आहे."

"मग लावा."

आम्ही स्टँड सरकवला. दोन्ही स्क्रीन तिच्या तोंडावर आल्या. तिने पोटावरच्या कीबोर्डवर काहीतरी दाबलं आणि उजेड पडला, तिचं तोंड निळं दिसायला लागलं. मी स्क्रीनच्या खाली दोन्ही हात धरून उभा होतो, तळवे वर करून. केव्हा धरले मला कळलं नव्हतं.

"बाबा, हात काढा. मला काही दिसत नाहीये."

मी फोरमनकडे बघितलं. तोही त्या कोपऱ्याच्या जोडाकडेच बघत होता.

"बाबा. मीटिंग आहे माझी."

मी एक हात काढला.